हिवाळी मुक्काम आणि नगराचे प्रत्युत्तर : भूमध्य किनाऱ्यावरील दोन प्रवासलेखनांचा विचार

१

प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेने लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला सामान्यतः अग्रस्थान दिले आहे. स्थळाची माहिती भूगोलाच्या पुस्तकातही मिळते. प्रवासवर्णनात वाचकाला हवा असतो तो त्या स्थळाच्या निमित्ताने प्रकट होणारा प्रवासी, ही भूमिका आता रूढ झाली आहे. या भूमिकेमुळेच प्रवासवर्णन ललित निबंधाच्या पंक्तीला बसू शकले, हे नाकारता येणार नाही. परंतु तीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रवासी ज्या नगरात चार दिवस किंवा चार महिने राहतो, ते नगर त्याच्या आधीही होते आणि त्याच्यानंतरही असणार आहे. तेथील माणसांना स्वतःची भाषा असते, स्वतःचा इतिहास असतो, आणि प्रवाशाविषयी स्वतःचे मतही असते. प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व लेखनात जितके प्रभावी, तितका हे मत झाकले जाण्याचा संभव अधिक. मग अशा लेखनाचा निर्णय व्यक्तिमत्त्वाच्या एकाच कसोटीवर करणे कितपत युक्त आहे?

या प्रश्नाच्या विचाराला भूमध्य समुद्राच्या काठावरील हिवाळी मुक्कामांतून निर्माण झालेले लेखन विशेष उपयोगी पडते. येथे मुक्काम अल्प असतो. प्रवासी मनात एक ठाम अपेक्षा घेऊन येतो. आणि हिवाळा ती अपेक्षा बहुधा पुरी करीत नाही. अशी दोन उदाहरणे येथे घेतली आहेत. पहिले, जॉर्ज सांद या फ्रेंच लेखिकेचे ‘मायोर्केतील एक हिवाळा’ हे १८४२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन. दुसरे, आल्बेर कामूच्या ‘उन्हाळा’ या १९५४ च्या संग्रहातील ‘तिपासाला पुनरागमन’ हा निबंध. एकाच्या मागे सुमारे तीन महिन्यांचा मुक्काम आहे, तर दुसऱ्याच्या केंद्रस्थानी जेमतेम एका दिवसाची भेट. दोन्ही लेखक ऊन शोधीत गेले आणि दोघांनाही प्रथम भेटला तो पाऊस. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे साम्य वेगळेच आहे : दोन्ही ठिकाणच्या भूमीने या लेखनाला प्रत्युत्तर दिले. एकाला ते तत्काळ आणि नाव घेऊन मिळाले. दुसऱ्याला पाव शतकानंतर, नाव न घेता आणि वेगळ्याच माध्यमातून मिळाले.

२

उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर जाण्याची प्रथा फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपातील सुखवस्तू लोक या किनाऱ्यावर येत ते हिवाळ्यात. आणि त्यांतील कित्येक वैद्यांच्या सल्ल्याने येत. छातीच्या विकारावर उबदार हवेचा उपाय सांगितला जाई. जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर स्वतःच्या क्षयासाठी १८५९ साली मांतों येथे आला, आणि १८६१ च्या त्याच्या पुस्तकाने त्या लहानशा गावाचे आरोग्यस्थानात रूपांतर होण्यास मोठा हातभार लावला. फ्रेंच किनाऱ्यावर उन्हाळ्याचा मोसम रुजला तो १९२० नंतरच्या दशकात. तात्पर्य, भूमध्य किनाऱ्यावरील हिवाळी प्रवासाच्या मुळाशी केवळ विहाराची नव्हे, तर बरे होण्याची इच्छा आहे. बरे होण्यासाठी आलेला मनुष्य त्या स्थळाकडे औषध म्हणून पाहतो, आणि गुण आला नाही तर दोष औषधाला देतो. सांदच्या पुस्तकाचा सूर समजून घेण्यासाठी ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

१८३८ च्या नोव्हेंबरात सांद आपली दोन मुले आणि आजारी फ्रेदेरिक शोपँ यांच्यासह मायोर्का बेटावरील पाल्मा या जुन्या बंदरात उतरली. पाल्मात राहण्याजोगी जागा मिळेना. म्हणून त्यांनी शहराबाहेर एक घर भाड्याने घेतले. पाऊस सुरू झाला, घरात ओल आली, शोपँचा खोकला बळावला. हा क्षयच असावा असा बभ्रा होताच घरमालकाने घर सोडावयास सांगितले आणि भिंतींच्या सफेदीचा खर्च मागितला. डिसेंबरच्या मध्यास ही मंडळी किनाऱ्यापासून थोड्या आत, डोंगरात वसलेल्या वाल्डेमोसा गावच्या कार्थुजियन मठात राहावयास गेली. स्पेन सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी मठ बरखास्त केले होते, आणि रिकाम्या झालेल्या कोठड्या भाड्याने मिळत होत्या. याच मठात शोपँने आपल्या चोवीस ‘प्रेल्यूड’ रचना पुऱ्या केल्या. १८३९ च्या फेब्रुवारीत सर्वांनी बेट सोडले. ज्या आगबोटीतून ते गेले, तिच्यावर डुकरांचा कळप लादलेला होता.

पुस्तकात शोपँचे नाव एकदाही येत नाही. येतो तो केवळ ‘आमचा रुग्ण’. हे मौन कलादृष्ट्या विलक्षण परिणामकारक आहे. ज्या दुःखाने सारा मुक्काम व्यापला होता ते नावाने पुढे येत नाही. म्हणून ते संतापाच्या रूपाने सर्वत्र पसरते. बेटावरच्या तेलाचा वास, लसणाचा दर्प, मुलकी जकातीच्या कचेरीत अडकून पडलेला पियानो, शेतकऱ्यांचा आळस, त्यांची धर्मभोळी वृत्ती, दूध-भाजीचे वाढवून सांगितलेले भाव या सर्वांवर सांदचे शब्द तुटून पडतात. याउलट निसर्गासमोर तिची लेखणी मृदू होते. डोंगराच्या उतरणीवरील वाकडेतिकडे जुने ऑलिव्ह वृक्ष, मठाच्या ओवऱ्यांतून घोंगावणारा वारा, पलीकडे दिसणारा समुद्र यांची वर्णने तिच्या उत्कृष्ट गद्यात जमा होतील. पाल्मातील प्रचंड कॅथीड्रल, व्यापाऱ्यांची जुनी पेढी आणि पाडून टाकलेला डॉमिनिकन मठ यांवरील प्रकरणांत तिची इतिहासदृष्टी आणि धर्मसत्तेविषयीची चीड स्पष्ट दिसते. दगड आणि झाडे यांना ती न्याय देते; माणसांना मात्र देत नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या कसोटीवर हे पुस्तक पूर्णपणे उतरते. एक बुद्धिमान, स्वतंत्र वृत्तीची, त्रस्त झालेली स्त्री त्यात जिवंत उभी आहे. परंतु पुस्तकाचे बारकाईने वाचन केले असता असे दिसून येईल की, लेखिकेच्या संतापाला उत्तर देणारी साक्ष तिच्याच पुस्तकात विखुरलेली आहे. पाल्मात घरे का मिळत नव्हती? कारण मुख्य भूमीवरील यादवी युद्धापासून पळून आलेल्या निर्वासितांनी शहर भरले होते. ही माहिती ती स्वतःच देते. गावकरी दूर का राहिले? कारण हे पाहुणे रविवारी चर्चमध्ये जात नसत. हेही तीच सांगते. क्षयाविषयीचा ‘अडाणी’ भयगंड हा तिचा सर्वांत कडवट आक्षेप. स्पेनमध्ये हा रोग संसर्गजन्य मानून रुग्णाचे सामान जाळण्याचा दंडक होता, तर फ्रेंच वैद्यकात त्या काळी तो बहुधा तसा मानला जात नसे. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू शोधून काढले, आणि या एका मुद्द्यावर तरी पॅरिसच्या सुसंस्कृत लेखिकेपेक्षा बेटावरचा घरमालक सत्याच्या अधिक जवळ होता हे सिद्ध झाले. अर्थात त्याच्या वागण्यातील निष्ठुरता त्यामुळे कमी होत नाही. पण निष्ठुरता आणि अज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सांदने त्या एकच मानल्या.

पुस्तकाच्या अखेरीस सांद ज्या निष्कर्षाला येते तो या संदर्भात उद्बोधक आहे. निर्जन रम्य स्थळी राहण्याचे स्वप्न खोटे आहे. मनुष्याला झाडे, दगड आणि आकाश यांच्या संगतीत राहता येत नाही, त्याला मनुष्यांतच राहावे लागते, असा तिचा आशय आहे. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे, परंतु अपुरा आहे. वाल्डेमोसात मनुष्ये होती. ‘मनुष्य’ या शब्दाच्या कक्षेत ती तिला आणता आली नाहीत.

३

सांदचे लेखन प्रथम १८४१ साली पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः आले, आणि त्याच वर्षी पाल्माहून निघणाऱ्या ‘ला पाल्मा’ या पत्रात होसे मारिया क्वाद्रादो याने त्याचे खंडन प्रसिद्ध केले. त्या वेळी क्वाद्रादो अवघ्या बाविशीच्या सुमाराचा होता. पुढे तो इतिहासकार म्हणून मान्यता पावला. प्रवासवर्णनाच्या इतिहासात ही घटना लक्षणीय आहे. ज्यांचे वर्णन होते ते सहसा वर्णन वाचीत नाहीत, हा प्रवासलेखकाचा सुप्त विश्वास असतो. येथे तो एका वर्षाच्या आत खोटा ठरला.

क्वाद्रादोचे खंडन मात्र निर्दोष नाही. आपल्या बेटावरील लोकांच्या सचोटीची आणि आतिथ्याची बाजू तो मांडतो तेथे त्याच्या शब्दांना वजन आहे. परंतु लवकरच तो लेखिकेच्या खाजगी चारित्र्यावर घसरतो. स्त्रीने विवाहबाह्य संबंध उघडपणे ठेवावा आणि वर धर्माची थट्टा करावी, हा त्याच्या मते तिचा खरा अपराध. म्हणजे सांदने ज्या प्रकारचा सरसकट निवाडा बेटावर लादला, त्याच प्रकारचा निवाडा त्याने तिच्यावर लादला. सत्याची वाटणी दोहोंत अर्धी-अर्धी झाली आहे असे म्हणणेही बरोबर होणार नाही. कारण दोघांच्याही लेखनात दुसऱ्याचे ऐकण्याचा यत्न नाही.

या वादाला पुढे एक तिसरा आवाज मिळाला. मायोर्केतील देया या गावी स्थायिक झालेला इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज याने १९५६ साली सांदच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला टीपा जोडल्या आणि क्वाद्रादोचे खंडनही त्याच ग्रंथात छापले. बेटावर वर्षानुवर्षे राहिलेला हा भाषांतरकार टीपांमधून सांदच्या विधानांना वारंवार अडवतो. परिणामी त्या आवृत्तीच्या वाचकाला प्रवासी, स्थानिक आणि दीर्घकाळचा रहिवासी असे तीन साक्षीदार एकत्र भेटतात. मूळ पुस्तकाची गोडी त्यामुळे उणावत नाही. उलट सांदच्या संतापातील कारुण्य या आवृत्तीत अधिक स्पष्ट होते, कारण त्या संतापाला वस्तुस्थिती म्हणून स्वीकारण्याचे बंधन वाचकावर राहत नाही. आज वाल्डेमोसातील दुकानांत हेच पुस्तक अनेक भाषांत विकले जाते. जे गाव त्यात निंदिले गेले, त्या गावाची कीर्ती त्याच निंदेवर पोसली जावी हा दैवदुर्विलास खरा. परंतु बाजारातील ही विक्री म्हणजे प्रत्युत्तर नव्हे. प्रत्युत्तरासाठी कुणीतरी बोलावे लागते.

४

कामूच्या निबंधाकडे वळताना भूमिकेतील एक मूलभूत फरक नोंदविला पाहिजे. सांद परकी होती. कामू अल्जीरियात जन्मला, वाढला, आणि तिपासा हे त्याच्या तारुण्यातील जिव्हाळ्याचे स्थळ होते. अल्जियर्सच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेले हे ठिकाण आरंभी फिनिशियन-प्यूनिक व्यापाराचे ठाणे होते. पुढे ती रोमन वसाहत झाली. ख्रिस्ती काळात संत साल्साच्या नावाने तेथे यात्रा भरू लागली. आज तेथे समुद्राच्या अगदी कडेला स्तंभ, थडगी आणि बॅसिलिकांच्या भिंती उरल्या आहेत. १९८२ साली या अवशेषांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. विशीतील कामूने ‘तिपासातील विवाहोत्सव’ या निबंधात या स्थळाचे वासंतिक रूप रंगविले होते. तेथे देह, ऊन, समुद्र आणि फुले यांचा एकच कल्लोळ आहे.

‘तिपासाला पुनरागमन’ हा त्या निबंधाचा हिवाळा आहे. आरंभी अल्जियर्सवर कोसळणारा पाच दिवसांचा पाऊस येतो. मध्ये महायुद्ध होऊन गेले आहे. युद्धानंतर लवकरच केलेल्या एका भेटीत अवशेषांभोवती काटेरी तारांचे कुंपण आढळले होते, तीही आठवण येते. मग १९५२ च्या डिसेंबरात पाऊस थांबतो आणि लेखक पुन्हा तिपासाची वाट धरतो. ओल्या मातीवर पडलेले स्वच्छ ऊन, समुद्राची मंद हालचाल, पक्ष्यांचे आवाज, पश्चिमेस शनुआ पर्वताची भरीव आकृती. या शांततेत त्याला आपल्या अंतर्यामी टिकून राहिलेल्या सामर्थ्याचा प्रत्यय येतो. पुढे तो युरोपात परततो, पण आता आपल्याला दोन निष्ठा एकाच वेळी सांभाळावयाच्या आहेत या जाणिवेने : एक सौंदर्याशी, दुसरी अवमानित माणसांशी. न्यायासाठी दीर्घकाळ झगडताना, ज्या प्रेमापोटी तो झगडा सुरू झाला तेच आटून जाते. म्हणून त्या प्रेमाच्या उगमाकडे अधूनमधून परतणे हा पळपुटेपणा नसून कर्तव्याचा भाग आहे, असा या निबंधाचा गाभा आहे.

सांदच्या तुलनेत येथे हिवाळ्याचा उपयोग निराळा झाला आहे. सांदच्या दृष्टीने पाऊस हा करार मोडणारा निसर्ग. कामूच्या निबंधात पाऊस हा परीक्षेचा काळ. सांद स्थळाला दोष देते. कामू स्वतःच्या वयाला, युद्धाला आणि विस्मृतीला तपासतो. त्याची भेट सर्वांत अल्प असूनही तिच्यामागे पंधरा-वीस वर्षांची स्मृती उभी आहे. मुक्कामाची लांबी आणि लेखनाची खोली यांचे गणित सरळ नसते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तरीही निबंधाच्याच कसोटीने त्याला एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. लेखक ज्या दोन निष्ठांची ग्वाही देतो, त्यांपैकी सौंदर्य तिपासात आहे. अवमानित माणसे कोठे आहेत? निबंधाच्या रचनेत न्यायाचा झगडा युरोपकडे आणि सौंदर्य आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे अशी वाटणी झाली आहे. अवशेषांत लेखक जवळजवळ एकटा आहे. परंतु १९५२ च्या अल्जीरियात अवमानित माणसांना शोधण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. ती शनुआच्या उतरणीवर राहत होती. हे कामूला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. १९३९ च्या जूनमध्ये त्याने ‘आल्जे रेप्युब्लिकँ’ या वृत्तपत्रात कबिली प्रदेशातील उपासमार आणि दारिद्र्य यांवर सविस्तर लेखमाला लिहिली होती. म्हणून एडवर्ड सैदसारख्या टीकाकाराने १९९३ च्या ग्रंथात कामूच्या लेखनातील अरबांच्या अनुपस्थितीवर ठेवलेले बोट जसेच्या तसे स्वीकारून थांबता येत नाही. पत्रकार कामूला जी माणसे दिसली ती निबंधकार कामूच्या तिपासात का येत नाहीत, हा अधिक नेमका प्रश्न आहे. त्याचे उत्तर या निबंधाच्या घडणीत सापडते. तिपासा हे ‘उगमस्थान’ म्हणून राखावयाचे असेल तर ते निष्कलंक असले पाहिजे. आणि ते निष्कलंक राहावे म्हणून त्याला निर्जन व्हावे लागते. निबंधातील दीप्ती आणि त्यातील उणीव या दोन्ही एकाच रचनेतून आलेल्या आहेत. हा संग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबर रोजी अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले.

५

तिपासाच्या पुढे, शनुआच्या पलीकडच्या बाजूस शर्शेल हे बंदर आहे. रोमन काळी हेच सीझेरिया या नावाने मॉरेतानियाची राजधानी होते. असिया जेबार ही लेखिका १९३६ साली येथे जन्मली. १९६७ नंतर सुमारे एक दशक तिने नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. आणि या मौनाच्या शेवटी, १९७७ साली, तिने चित्रपट दिला, ‘शनुआ पर्वतावरील स्त्रियांचा नूबा’. नूबा हा अंदालूसी संगीतातील अनेक अंगांनी क्रमाने विस्तारत जाणारा रचनाप्रकार. चित्रपटाची मांडणीही त्याच धर्तीची आहे. लीला नावाची तरुणी युद्धानंतर पंधरा वर्षांनी आपल्या प्रदेशात परतते आणि गावोगावच्या वृद्ध स्त्रियांचे बोलणे ऐकते. त्या स्त्रिया युद्धातील छळ, मृत्यू, लपविलेली माणसे, जाळलेली घरे यांविषयी आपल्याच बोलीत आणि आपल्याच लयीत सांगतात. या चित्रपटास १९७९ साली व्हेनिस येथे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले.

जेबारने हा चित्रपट कामूला उद्देशून केला असे म्हणण्यास आधार नाही; तसा दावा येथे करावयाचाही नाही. उलट पुढे अल्जीरियाच्या दिवंगत लेखकांवर लिहिताना तिने कामूलाही त्या मालिकेत सन्मानाने स्थान दिले. परंतु दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की त्यांचे नाते वाचकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. दोहोंचा विषय पुनरागमन हाच आहे. दोहोंत तोच समुद्र आणि तोच पर्वत आहे. कामूच्या निबंधात शनुआ ही क्षितिजावरील आकृती आहे. जेबारच्या चित्रपटात ती वस्ती आहे. कामूचा प्रवासी शांततेत स्वतःचा आवाज ऐकतो. जेबारची लीला फारसे बोलत नाही, ती दुसऱ्यांचे ऐकते. विशेष हे की, जेबारही त्या स्त्रियांच्या जीवनाशी एकरूप झाल्याचा आव आणीत नाही. शहरात शिकलेली, फ्रेंचमध्ये लिहिणारी स्त्री आणि पर्वतावरील निरक्षर वृद्धा यांच्यातील अंतर चित्रपटात झाकलेले नाही. आपण पाहुणे आहोत ही जाणीव तिने कृतीच्या आशयातच घेतली.

६

या विवेचनावरून प्रवासलेखनाच्या समीक्षेसाठी एक कसोटी सुचविता येते. लेखकाचे व्यक्तिमत्त्व हा प्रवासवर्णनाचा प्राण आहे, हे तत्त्व सोडून देण्याचे कारण नाही. सांद आणि कामू या दोघांचे लेखन टिकले ते त्याच बळावर. परंतु त्याच्या जोडीला हेही पाहिले पाहिजे की, ज्या भूमीवर हे व्यक्तिमत्त्व प्रकट झाले तिच्या बोलण्याला लेखनात अवकाश आहे की नाही. हा अवकाश दोन प्रकारे राहू शकतो. सांदच्या पुस्तकात तो लेखिकेच्या इच्छेविरुद्ध राहिला आहे. तिने नोंदविलेल्या तपशिलांनी तिच्याच निवाड्याला छेद दिला. कामूच्या निबंधात तो लेखकाने घोषित केलेल्या तत्त्वात आहे, पण चित्रणात नाही. पहिल्या लेखनात न्यायबुद्धी कमी आणि साक्ष अधिक. दुसऱ्यात न्यायबुद्धी मोठी आणि साक्ष अल्प. यांपैकी कोणते लेखन श्रेष्ठ, हा प्रश्न कलागुणांच्या दृष्टीने कामूच्या बाजूने सुटतो. परंतु त्या नगरांविषयी काही जाणून घ्यावयाचे असेल तर सांदचे अन्यायी पुस्तक आश्चर्यकारकपणे अधिक उपयोगी पडते, हेही कबूल करावे लागते.

मराठीत आज परदेशप्रवासाचे लेखन विपुल होत आहे, आणि त्यातील बराच भाग आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामावर आधारलेला असतो. मुक्काम अल्प आहे म्हणून अशा लेखनास उथळ ठरविण्याची घाई करू नये. एका दिवसाच्या भेटीतून काय निर्माण होऊ शकते ते तिपासाने दाखविले आहे. त्याचबरोबर लेखक रसिक, विनोदी किंवा मनमोकळा आहे एवढ्यावर समाधानही मानू नये. जुन्या नगराची तटबंदी, चौक, मंदिर किंवा भग्न स्तंभ यांचे वर्णन वाचताना अभ्यासकाने विचारावे की, येथल्या एखाद्या रहिवाशाने हे पान वाचले तर तो कोठे थांबेल आणि काय म्हणेल. पाल्मातील एका तरुणाने हा प्रश्न १८४१ साली रागाने उपस्थित केला. शनुआवरील वृद्ध स्त्रियांनी तो कधी विचारलाच नाही. त्यांनी केवळ आपली हकीकत सांगितली, आणि ती ऐकल्यानंतर तिपासाची शांतता पूर्वीइतकी निर्जन राहिली नाही.